माप घेऊन लावलेलं ताट

चौतीस वर्षं मी धाराशिवला बसस्टँडच्या मागच्या गल्लीतल्या एका खानावळीत वाढपी होतो. पोरीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी विचारलं, "हॉटेलात मॅनेजर का?" बायको चहाचे कप उचलायला लागली. मीच म्हणालो, "न्हाय, वाढपी हाये." पाहुणे जरा चपापले, मग त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "आरं, ह्येच ते महादप्पा! ह्यांच्या हातचं म्या जेवलोय." सोयरीक जमली. मला माझ्या कामाचा कमीपणा तेव्हाही वाटला नाही, आजही वाटत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ह्यात काय आहे? ताट आणायचं, ठेवायचं, निघायचं. पण ज्वारीची भाकरी एकदा गार झाली की तिची चव गेली, म्हणून ती तव्यावरून ताटात पोचायला किती पावलं लागतात ह्याचा हिशेब वाढप्याच्या पायात असावा लागतो. माणूस भुकेला बसलाय आणि भाकरीला वेळ आहे, अशा वेळी त्याच्यापुढं शेंगदाण्याची चटणी, वरून तेल आणि फोडलेला कांदा ठेवला की तो पाच-सात मिनिटं कुरकुरत नाही. कुणाला तिसरी भाकरी हवी आहे पण मागायची लाज वाटते, हे त्याच्या बोटांवरून कळतं. तो रिकाम्या ताटात बोट फिरवत बसतो.

एकदा नवरात्रात तुळजापूरहून दर्शन करून निघालेली कर्नाटकातली अख्खी बस आमच्या दारात उभी राहिली. भाकरी थापायला त्या दिवशी एकटी सरूबाई. मालकांच्या कपाळाला घाम. मी उमरग्याकडचा, कन्नड येतं. मी सगळ्यांना आधी ताक दिलं, मग भाकरीचे अर्धे-अर्धे तुकडे करून फिरत राहिलो. एकाला पूर्ण आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं होऊ दिलं नाही. सगळ्यांच्या ताटात एकाच वेळी अर्धी का होईना, गरम भाकरी होती. जाताना एका आजोबांनी माझा दंड धरला, "नीनू नम्मवने!" म्हणजे, तू आमचाच की! असे दिवस आठवले की आजही गुडघे दुखायचे थांबतात.

पण मला आज सांगायचं आहे ते दोन मित्रांचं.

काशिनाथ गुरुजी आणि रशीदभाई. दोघं मूळचे येडशीचे, एका बाकावर बसून शिकलेले, रामलिंगाच्या रानात एकत्र सीताफळं तोडलेले. पुढं गुरुजी प्राथमिक शाळेत लागले आणि रशीदभाई धाराशिवात शिंपीकाम करू लागले. साधे शिंपी नव्हेत, मास्तर. त्यांनी शिवलेला सदरा दहा वर्षांनी विरायचा, पण उसवायचा नाही, असं लोक सांगायचे. दोघं दर रविवारी दुपारी एक वाजता आमच्याकडं जेवायला यायचे. आमची खानावळ शाकाहारी. गुरुजी माळकरी. रशीदभाई मला डोळा मारून म्हणायचे, "क्या करूं महादप्पा, इसके वास्ते हर इतवार घासफूस खाना पडता."

त्यांचं जेवण बघण्यासारखं असायचं. भाकरी आली की रशीदभाई तिचा वरचा पापुद्रा अलगद सोडवून गुरुजींच्या ताटात टाकायचे, कारण गुरुजींना कवळी होती. खालची खरपूस बाजू स्वतःला ठेवायचे. बोलणं शाळेपासून सुरू व्हायचं आणि नगरपालिकेच्या नळावर येऊन संपायचं. एकमेकांचं ऐकून घ्यायची तर पद्धतच नव्हती. दोघं एकदमच बोलायचे.

एका रविवारी ते आले नाहीत. पुढच्या रविवारी गुरुजी एकटे आले, एक भाकरी खाल्ली, दुसरीचा पापुद्रा काढून ठेवला आणि तसाच सोडून उठले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "रशीदला लकवा मारला. उजवी बाजू गेली."

शिंप्याचा उजवा हात.

चार-पाच महिने गेले. रशीदभाई काठी घेऊन चालायला लागले, बोलणंही बरंच सुधारलं, पण हात काही वळला नाही. घरी त्यांची बेगम त्यांना भरवायची. गुरुजी दर रविवारी त्यांना जेवायला बोलवायचे आणि ते नाही म्हणायचे. गुरुजी मला म्हणाले, "अरे, तो म्हणतो उलट्या हातानं चार लोकांत कसं खाऊ? लहानपणापासून आईनं शिकवलं, सीधे हात से खाना. मौलवीसाहेबांनी सांगितलं, मजबुरीत चालतं, तरी ह्याचं मन मानत न्हाय."

"तुम्ही एकदा घेऊन तर या," मी छाती पुढं काढून म्हणालो. "बाकीचं माझ्यावर सोडा. मला येतं हे काम."

येतं, असं म्हणालो होतो मी.

गुरुजींनी कशीबशी समजूत घातली आणि एका रविवारी रिक्षातून दोघं उतरले. रशीदभाईंनी स्वतःच्या हातचा जुना पांढराशुभ्र सदरा घातला होता. मी त्यांना मानानं पुढच्या टेबलावर बसवलं, बरोबर पंख्याखाली, सगळ्यांच्या नजरेसमोर. नवीन घेतलेलं, कप्पे पाडलेलं स्टीलचं ताट आणलं. भाकरी आत स्वयंपाकघरातच चुरून, आमटी ओतून आणली आणि शेजारी चमचा ठेवला. मला वाटलं, सगळी व्यवस्था झाली.

रशीदभाईंनी डाव्या हातात चमचा धरला. ताट हलकं, टेबल गुळगुळीत. चमचा टेकवला की ताट पुढं सरकायचं. त्यांनी कोपरानं ते अडवायला बघितलं, कोपर कडेला लागलं आणि ताट उलटून आमटी त्यांच्या सदऱ्यावर, मांडीवर, सगळीकडं.

मी धावलो. खांद्यावरचं फडकं काढलं आणि त्यांची छाती, मांडी पुसायला लागलो. तोंडानं मोठ्यानं चालूच, "काय न्हाय, काय न्हाय रशीदभाई, होतं, होतं असं!" पंख्याखालचं टेबल, रविवारची गर्दी. सगळ्या माना वळल्या. एका बाईनं तोंडानं चुकचुक केलं, ते मला ऐकू आलं म्हणजे त्यांनाही आलंच असणार.

रशीदभाईंनी माझा हात बाजूला केला. जोरानं नाही, हळूच. काठी घेतली, उठले आणि दाराकडं चालू लागले. गुरुजी त्यांच्यामागं निघाले, पण माझ्याजवळ थांबून एवढंच म्हणाले, "महादप्पा, त्याला लेकरू केलंस तू."

त्या दिवशी पुढच्या पंगती मी कशा वाढल्या, मला आठवत नाही. सरूबाईनं दोनदा हाक मारली, भाकऱ्या गार होताहेत म्हणून. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दोन दिवस मी काढले. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांच्या घरी गेलो. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. मशीनवर चादर टाकलेली होती. रशीदभाई खाटेवर बसले होते आणि बेगम आतून चहा घेऊन आल्या. मी कप हातात धरून बसून राहिलो.

"माफी मागायला आलोय," मी म्हणालो.

"कायकू?"

"सांडलं त्याची."

"सांडलं तर सांडलं," ते म्हणाले. जीभ अजून जरा जड होती, शब्द सावकाश यायचे. "दुकानात तेल सांडतं, चहा सांडतो. मैं सदरा खुद धो लेता. तू मुझे पोंछा."

"और एक बात," ते म्हणाले. "मैं कपडा कापायच्या आधी काय करतो?"

"माप घेता."

"हौ. अंदाजानं कापलं तर सदरा बिघडतो. तू माझं माप न घेता ताट लावलंस."

वाढपी म्हणून मला जेवढं कळायला हवं होतं तेवढं एका शिंप्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "मग आता घेऊ द्या माप."

ते हसले. लकव्यानंतर तोंड एका बाजूनंच हसायचं, पण हसले. बेगमना त्यांनी ताट आणायला सांगितलं. मग आम्ही दोघं तासभर त्या खोलीत शाळेतल्या पोरांसारखे बसलो. मी त्यांना माझं काम समजावलं. आपण ताट लावतो ते उजव्या हाताच्या माणसासाठी. मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडं, भाजी-आमटी उजवीकडं, कारण हात तिकडून येतो. तुमचा हात डावीकडून येणार, म्हणजे सगळं ताटच उलटं लावायला हवं. त्यांनी लगेच मशीनच्या खणातून टेप काढली आणि माझ्याकडून खाटेच्या कडेपासून त्यांच्या कोपरापर्यंतचं अंतर मोजून घेतलं. "टेबल जवळ पाहिजे. चार बोटं." ताटाखाली ओलं कापड घातलं तर ते सरकत नाही, हे त्यांनीच सांगितलं. रेशमी कापड कापताना सरकू नये म्हणून ते टेबलावर जाडसर सुती कापड अंथरायचे. चमच्याची त्यांना चीड होती. "भाकरी हातानं खायची चीज आहे. पण सपाट ताटात घास धरता येत न्हाय, पळतो."

तेव्हा मला आमच्या माळ्यावरच्या पितळ्या आठवल्या. पितळी म्हणजे उभ्या काठाचं, जड, खोलगट ताट. पूर्वी आमच्याकडं सगळे त्यातच जेवायचे. भाकरी चुरून कालवण ओतायचं आणि काठाला टेकवून घास उचलायचा, काठ घासाला पाठ देतो. स्टीलची ताटं आली आणि पितळ्या माळ्यावर गेल्या.

"बसायचं कुठं?" मी विचारलं. "मागं कोपऱ्यात ठेवू का, शांत असतं."

"कोपऱ्यात नक्को," ते ताडकन म्हणाले. "मैं क्या छुपके खाने आरा?"

मग ठरलं की उजवीकडच्या भिंतीला लागून असलेलं टेबल. लुळी बाजू भिंतीकडं, तिला टेकायला आधार. डावा हात मोकळा. तोंड दाराकडं, येणारा-जाणारा दिसेल असं.

मी माळ्यावरून पितळी काढली तेव्हा मालक म्हणाले, "महादप्पा, नवी ताटं काय शोभेला घेतली का? भंगारात घालायची चीज परत काढतोस."

"मालक, एका माणसासाठी पाहिजे," मी म्हणालो. "मला एक रविवार द्या. न्हाय जमलं तर मीच भंगारात घालतो."

मालक माणूस तापट, पण माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "एकच रविवार." मी पितळी घासली, कल्हई करून आणली. चांदीसारखी दिसायला लागली.

त्या रविवारी गुरुजी एक वाजायच्या आधीच दारात येऊन थांबले. रशीदभाई येतील की नाही ह्याची त्यांनाही खात्री नव्हती. सव्वा वाजता रिक्षा आली. तोच पांढरा सदरा, धुऊन इस्त्री केलेला. छातीवर आमटीचा पुसट पिवळा डाग राहिलेला. दुसरा घालता आला असता, पण त्यांनी तोच घातला होता.

मी भिंतीजवळचं टेबल आधीच चार बोटं पुढं ओढून ठेवलं होतं. ओलं कापड, त्यावर पितळी. चटणी उजवीकडं, आमटी डावीकडं, गुरुजींचं ताट नेहमीसारखं. भाकरी ठेवली आणि म्हणालो, "जेवा." आणि निघालो.

हे निघणंच सगळ्यात अवघड होतं. आयुष्यभर माझी नजर गिऱ्हाइकाच्या ताटावर. आता बघायचं नाही, असं स्वतःला बजावून मी स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभा राहिलो. समोर सरूबाई भाकरी थापत होती. तिथून तिला ते टेबल दिसायचं.

"सरूबाई, काय चाललंय?"

"गुरुजी भाकरी चुरू लागलेत त्येंच्या पितळीत. न्हाय, हात धरला रशीदभाईंनी. सोता चुरायलेत."

"एका हातानं?"

"व्हय, एका हातानं. येळ लागतोय, पर चुरायलेत."

मी तिच्या टोपलीतल्या भाकऱ्या मोजायला लागलो.

"आता?"

"आमटी वतली. घास... घेतला. पडला वाईच सदऱ्यावर."

मी वळणार तेवढ्यात सरूबाई पिठाचा हात वर करून ओरडली, "हिकडं बघ तू! माजी भाकरी मोज. त्येंचं त्ये पुसतील."

आणि त्यांनी पुसलं. स्वतःचा रुमाल काढून, सावकाश, आणि परत घास घेतला. हे सगळं मला सरूबाईच्या तोंडून कळलं. तव्यावरची भाकरी फुगली, तिनं ती उतरवली, दुसरी टाकली. बाहेर पुढच्या टेबलावर कुणीतरी ताक मागत होतं. मी ताक देऊन आलो, येता-जाता भिंतीकडं बघितलं नाही. मग मागून आवाज आला, जड जिभेचा, पण साऱ्या खानावळीला ऐकू जाईल असा.

"महादप्पा! भाकरी!"

चौतीस वर्षांत ही हाक मी किती हजार वेळा ऐकली असेल. त्या दिवशी भाकरी घेऊन निघालो आणि डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं. चुलीचा धूर म्हणून मी डोळे पुसले. आमच्याकडं तेव्हा गॅसच होता.

त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. पाऊण तास लागला. गुरुजी शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर घास घेत राहिले, उगीच हळूहळू चघळत. मग दोघं एकदमच बोलायला लागले, आणि मी ओळखलं की आता काळजी नाही.

अभिमान तर वाटलाच. पण त्याच रात्री घरी जाताना एक वेगळीच गोष्ट मनात आली. आमच्याकडं एक निवृत्त एसटी ड्रायव्हर यायचे. त्यांचा हात थरथरायचा. वाटी तोंडापर्यंत जाईतो निम्मी सांडायची. हळूहळू ते यायचे बंद झाले. मला वाटलं, दुसरी खानावळ धरली असेल. असे किती जण असतील, जे गेले आणि मी त्यांना दुसऱ्या खानावळीचे समजलो? त्यांच्यापैकी एकाचंही माप मी घेतलं नव्हतं. ती बोच अजून आहे.

मालकांनी त्यानंतर माळ्यावरच्या सगळ्या पितळ्या खाली काढल्या. मी न सांगता. गावात बोलबाला झाला. कुणी म्हाताऱ्या वडलांना आणू लागलं, कुणी हात मोडलेल्या बायकोला. मी प्रत्येकाला आधी विचारायचो, हात कोणता, बसायचं कुठं, घास कसा लागतो. विचारायला मला लाज वाटत नव्हती, त्यामुळं सांगायला त्यांनाही वाटत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी जवाब दिला आणि मी काम सोडलं. आता रविवारी मी गिऱ्हाईक म्हणून जातो. गुरुजी, रशीदभाई आणि मी तिसरा. सुरुवातीला बसून जेवायचं मला जमायचंच नाही, सारखा उठायचो. रशीदभाई काठीनं माझा पाय दाबून धरायचे.

मागच्या महिन्यात असेच बसलो होतो. दारात एक जोडपं येऊन थांबलं. माणूस पन्नाशीचा, धोतर-टोपी, उजवा हात छातीशी घट्ट धरलेला. हात लुळा आहे हे आम्हा तिघांनाही एकदमच दिसलं. येरमाळ्याहून दवाखान्याला आले होते. माणूस उंबऱ्याबाहेरच राहिला आणि बाई गल्ल्यावर येऊन म्हणाली, "दोन भाकरी आन् भाजी पार्सल द्या."

पार्सल म्हटल्यावर मला सगळं कळलं. बसस्टँडवरच्या कुठल्यातरी बाकावर, लोकांकडं पाठ करून, ती त्याला भरवणार. मी उठणार तेवढ्यात रशीदभाईंनी माझ्या खांद्यावर डावा हात ठेवला.

"तू बैठ. तुझे नहीं समझता इसमें का."

मग ते दाराकडं बघून म्हणाले, "ओ दादा, आत या की. बाहेर कशाला?"

माणसानं मान हलवली. "न्हाय, आमाला घाई हाय. बस हाय."

"कौनसा हात गया? मेरा भी वहीच." रशीदभाईंनी आपला उजवा हात डाव्या हातानं उचलून टेबलावर ठेवला, सामान ठेवावं तसा. "ये देखो. आणि मी ह्या हातानं दोन भाकरी हाणतो. सांडतं थोडं. इथं कुणी बघत न्हाय."

माणूस आत आला. रशीदभाई सरकले, त्याला भिंतीकडची जागा दिली. त्यांनीच नव्या वाढप्याला हाक मारली, पितळी कशी ठेवायची, आमटी कोणत्या बाजूला, सगळं सांगितलं. त्या माणसाला म्हणाले, "पहिला घास छोटा घे. जल्दी नक्को करू." त्याचा पहिला घास निम्मा पितळीतच पडला. दुसरा तोंडात गेला. रशीदभाई तोवर गुरुजींशी नगरपालिकेच्या नळावर बोलायला लागले होते.

त्याची बायको समोर आपल्या ताटापुढं बसली होती, सवयीनं हात पुढं करून, की आता घास भरवावा लागेल. तो हात तसाच थोडा वेळ टेबलावर राहिला. मग तिनं आपल्या नवऱ्याकडं बघितलं, आपल्या ताटाकडं बघितलं, पदर सावरला आणि जेवायला लागली.

दोन-तीन घास झाल्यावर ती थांबली. मी विचारलं, "का ताई? तिखट झालं का?"

"न्हाय," ती म्हणाली. "किती महिन्यांनी गरम खायले मी."